तेवीस किलो, दोन पीएनआर आणि एक स्की-बॅग

शनिवार, १७ फेब्रुवारी २०२४. सोलापूरच्या नवी पेठेतल्या माझ्या तिकीट बुकिंगच्या दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. साडेदहाच्या सुमारास फोन आला.

“काका, दिल्लीत हाय ओ मी. इथलेबी पैसे मागलालेत. अन् लांबीचे अजून बाराशे वेगळे म्हणलालेत.”

“इथलेबी म्हणजे? आधी कुठं भरलेस?”

“पुण्यात. पहाटे. चव्वेचाळीसशे.”

फोन होता काश्मिरात गुलमर्गला स्कीइंगला निघालेल्या एका मुलीचा. स्कीच्या बॅगेमुळे तिचं सामान जादा भरलं होतं. पुण्याच्या काउंटरवर त्याचे ४,४०० रुपये भरून ती गप्प विमानात बसली होती. फोन केला तर काका काळजी करतील, असं तिला वाटलं. आता दिल्लीत दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर तिच्याकडे ५,६०० रुपये मागत होते आणि खात्यात तेवढे नव्हते. मी पैसे पाठवले, तिने भरले, श्रीनगरचं विमान मिळालं. जाताना एका बॅगेपायी दहा हजार रुपये गेले. पुणे ते श्रीनगर तिचं स्वतःचं तिकीट पडलं होतं ६,४०० रुपयांना.

हे तिकीट मी काढलं होतं. त्या दहा हजारांपैकी बरेचसे माझ्या हातून गेले आहेत, म्हणून हे प्रकरण मी पहिल्यापासून, आकड्यांसकट लिहून काढतोय. आपल्या भागातून बर्फाकडे जाणारी मुलं थोडी आहेत, पण आहेत. ट्रेकिंगचे ग्रुप जातात, एनसीसीची मुलं जातात, आणि त्यातलं एखादं पोरगं परत येतं ते स्कीचं वेड घेऊनच.

ही मुलगी त्यातलीच. पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, घरात तेलुगू. कॉलेजात एनसीसी केली आणि गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत प्राथमिक कोर्स केला. ही संस्था केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची, १९६८ साली सुरू झालेली. कोर्समध्ये स्की (बर्फावर घसरायच्या पायाखालच्या लांब पट्ट्या), बूट, पोल (हातातल्या काठ्या) सगळं संस्थेचंच असतं, त्यामुळे पहिल्या वर्षी सामानाचा प्रश्नच आला नाही. आता ती एका शाळेत पीटी शिकवते, कंत्राटी. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून तिने पुण्यातल्या एकाकडून २२,००० रुपयांना जुना संच घेतला. स्की, बूट, पोल आणि चाकांची जाड पॅडिंगवाली बॅग.

संच घेण्याचं खरं कारण बूट होते. स्कीच्या बुटांचं माप पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतं. हिचं पाऊल साडेबावीस. कोर्सच्या वेळी तिच्या मापाचा जोड शिल्लक नव्हता, साडेचोवीस मिळाला. दोन मोजे घालून तिने दोन आठवडे काढले. बूट मोठा असला की टाच आत उचलते, वळताना पाय वळतो आणि स्की मागून येते, नडगी पुढच्या कडेवर घासते. परत आली तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. मला दाखवून म्हणाली, “पुढच्या टायमाला माझेच बूट.” बुटाच्या बाबतीत तिचं शंभर टक्के बरोबर होतं, हे मला आज पटतंय. स्कीच्या बाबतीत मात्र तो हिशेब तिनेही केला नव्हता आणि मीही.

तिकीट कसं फाटलं

मूळ बेत जानेवारीचा होता. गड्ड्याची यात्रा आटोपली की निघायचं, म्हणून २० जानेवारी. पुणे–दिल्ली–श्रीनगर, एकच कंपनी, एकच पीएनआर. पण त्या जानेवारीत काश्मीर कोरडं गेलं. गुलमर्गच्या उतारांवर बर्फाच्या जागी तपकिरी गवत दिसत होतं, ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. तिने शाळेतली रजा बदलून घेतली आणि फेब्रुवारीचा मध्य धरला. तोवर बर्फ पडला होता आणि भाडंही चढलं होतं.

एकाच कंपनीचं थेट जोडलेलं तिकीट ७,८०० दाखवत होतं. मी स्क्रीनवर इकडेतिकडे पाहिलं. पुणे–दिल्ली एका कंपनीचं ३,९००, दिल्ली–श्रीनगर दुसरीचं २,५००. मध्ये चार तास. मिळून ६,४००. गिऱ्हाइकाचे १,४०० रुपये वाचवले, या समाधानात मी दोन वेगळे पीएनआर काढले. परतीचं तिकीट तेवढं एकाच कंपनीचं, एकाच पीएनआरवर निघालं, कारण २७ तारखेला तेच स्वस्त होतं.

दुसरी चूक वाचनाची. कंपनीच्या पानावर मी शोधलं होतं, स्की नेता येते का. तिथं लिहिलं होतं की खेळाचं साहित्य चेक-इन सामानात स्वीकारलं जातं. ‘स्वीकारलं जातं’ म्हणजे घेऊन या, आम्ही नाही म्हणणार नाही, एवढंच. मी त्याचा अर्थ फुकट असा घेतला. वीस वर्षं या धंद्यात आहे, तरी ते वाक्य दोनदा वाचलं नाही. ऑर्डर भरताना जादा सामानाच्या मागणीचा रकाना (एसएसआर) शेवटच्या पानावर येतो, तो मी तसाच पुढे ढकलला.

आपल्याकडे स्वस्त विमानसेवेत सामानाचा नियम साधा आहे आणि निर्दयही. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर चेक-इनला साधारण १५ किलो, हातात ७ किलो. सोळाव्या किलोपासून मीटर सुरू. ते १५ किलोसुद्धा प्रत्येक तिकिटात असतातच असं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विमानवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने चेक-इन सामान नसलेलं स्वस्त तिकीट विकायला परवानगी दिली, तेव्हापासून ‘लाइट’ किंवा तसल्या नावाचं भाडं दिसलं की आधी सामानाची ओळ बघावी लागते. जादा किलोचा दर कंपनी स्वतः ठरवते. २०१६ मध्ये डीजीसीएने १५ ते २० किलोच्या टप्प्याला किलोमागे शंभर रुपयांची मर्यादा घातली होती. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये ती मर्यादा रद्द झाली. ती टिकली असती तर या मुलीचे पहिले पाच जादा किलो पाचशे रुपयांत गेले असते. त्या पहाटे पुण्यात दर किलोमागे ५५० रुपये होता.

किलोबरोबर लांबीही मोजतात. पुष्कळ कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत मागतात. हिची बॅग नुसती लांबीलाच १७८. म्हणजे स्की कितीही हलकी असो, बॅग मापाबाहेरच जाणार. पुण्याच्या काउंटरवर कोणी टेप काढला नाही, दिल्लीत काढला. म्हणून ते बाराशे.

आणि दोन पीएनआरचा खरा मार दिल्लीत बसला. पहिल्या कंपनीच्या दृष्टीने तिचा प्रवास दिल्लीत संपला, दुसरीच्या दृष्टीने तिथून सुरू झाला. सामान पुढे टॅग होत नाही, भरलेले जादा पैसेही पुढे चालत नाहीत. ती बेल्टपाशी चाळीस मिनिटं उभी राहिली. कपड्यांची बॅग आली, स्की आली नाही. लांब सामान बेल्टवर येतच नाही, बाजूच्या वेगळ्या दारातून माणूस हाताने आणून ठेवतो. हे तिला सांगायला हवं होतं, मी सांगितलं नव्हतं. मग ती दोन बॅगा घेऊन दुसऱ्या टर्मिनलला गेली, रांगेत उभी राहिली, पुन्हा काटा, पुन्हा ५५० गुणिले आठ.

१,४०० वाचवायला गेलो आणि दिल्लीत ५,६०० गेले.

सुताच्या काट्यावर

ती परत आली त्याच आठवड्यात मी तिच्या घरी गेलो. मला ते तेवीस किलो स्वतः बघायचे होते. वडिलांच्या कारखान्यात सुताचे कोन तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, दहा-दहा ग्रॅम दाखवणारा. रविवारी माग बंद. आम्ही सगळं सामान तिथं उलगडलं आणि एकेक वस्तू ठेवत गेलो. वडील वाचत होते, मी लिहून घेत होतो.

स्कीचा जोड, बूट अडकवायच्या बाइंडिंगसकट, लांबी १६२ सेंटिमीटर: ५ किलो ४००. पोल: ५००. बुटांचा जोड: ३ किलो ६००. हेल्मेट: ५००. मग वडिलांनी रिकामी बॅग काट्यावर ठेवली. ३ किलो २००. त्यांनी ती उचलून पुन्हा ठेवली. आकडा तोच.

“हे रिकामंच हाय नव्हं?” त्यांनी विचारलं.

रिकामंच होतं. चाकं, धातूची पट्टी, दोन बोटं जाडीचा फोम. किलोमागे ५५० धरले तर ती रिकामी बॅग एका विमानातून न्यायला १,७६० रुपये पडत होते. सुताच्या धंद्यात गोणपाटाचं वजनसुद्धा वजा करून पैसे देतात. तो माणूस त्या आकड्याकडे कसा बघत होता, ते मी विसरणार नाही.

स्कीची बॅग मिळून १३ किलो २००. कपड्यांची बॅग ९ किलो ८००. बरोबर तेवीस. आणि हातातली पाठपिशवी, जिला ७ किलोची मुभा होती, ती गेली होती जेमतेम तीन किलोची. चार किलो फुकट जागा तिने तशीच सोडली होती आणि खाली आठ किलोंचे पैसे दोनदा भरले होते.

बूट हातात नेता येतात. पोल नाही. विमानाच्या केबिनमध्ये बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत हॉकी स्टिक, गोल्फच्या काठ्या यांच्याबरोबर स्की पोलही आहेत. बुटांना अडचण नाही, फक्त क्ष-किरण यंत्रापाशी सुरक्षावाले ते उघडून दाखवायला सांगतात, कारण धातूच्या बकलांचा तो जड जोड पडद्यावर ओळखू येत नाही. परतीच्या वेळी फोनवर आम्ही एवढं एकच बदललं. तिने बूट पाठपिशवीत टाकले, ती झाली ६ किलो ६००. खालचं जादा वजन आठवरून ४ किलो ४०० वर आलं. मी इथून आदल्या रात्री पाच किलोचं जादा सामान आधीच विकत घेतलं, २,२५० रुपयांना. एकच पीएनआर होता, त्यामुळे श्रीनगरला दिलेली बॅग थेट पुण्यात मिळाली आणि पैसे एकदाच गेले. श्रीनगर विमानतळावर तर बाहेरच्या फाटकापाशीच सगळं सामान उतरवून यंत्रातून काढावं लागतं, मग आत पुन्हा तपासणी. तिथं बॅग जितकी कमी वेळा हाताळावी लागेल तितकं बरं.

काउंटरवर तिच्याकडून एका टॅगवर सही घेतली होती. नाजूक किंवा नीट बांधलेल्या नसलेल्या सामानाला ते ‘लिमिटेड रिलीज’चा टॅग लावतात. म्हणजे काही मोडलं तर कंपनीची जबाबदारी आखडते. तिने न वाचता सही केली. बहुतेक जण करतात. निदान सही करण्याआधी बॅगेचा आतून-बाहेरून फोटो काढून ठेवावा, एवढं मी आता प्रत्येकाला सांगतो.

न्यायची की भाड्याने घ्यायची

तिच्या जाण्यायेण्याचा सामानाचा एकूण खर्च १२,२५० रुपये. बर्फावरचे दिवस नऊ. तिने गुलमर्गमध्ये विचारून आणलेला भाव असा: स्की, बूट, पोल सगळं मिळून दिवसाला १,०००, नुसती स्की आणि पोल घेतले तर ६००. म्हणजे सगळं भाड्याने घेतलं असतं तर ९,०००. स्वतःचे बूट नेऊन बाकी भाड्याने घेतलं असतं तर ५,४००, आणि विमानात एक रुपयाही जादा नाही, कारण बूट हातात, हेल्मेट कपड्यांच्या बॅगेत, आणि तिचं वजन पंधराच्या कितीतरी आत.

मी हे तिच्यासमोर मांडलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काका, पण माझी स्की माझी हाय ना ओ.” तिचं म्हणणं मी समजू शकतो. भाड्याची स्की रोज वेगळी मिळते. एखादीच्या कडा बोथट, एखादीचा तळ खरवडलेला. नऊ दिवस एकाच स्कीवर राहिलं की पायाला ती कळते, वळण कुठे सुरू होतं ते कळतं. त्या वर्षी ती गंडोला नावाच्या रोपवेच्या पहिल्या टप्प्यावरून, कोंगडोरीहून, पहिल्यांदा एकटी खाली उतरली. ते तिच्या स्वतःच्या स्कीवर. त्याची किंमत माझ्या वहीत मांडता येत नाही आणि मी मांडणारही नाही.

पण भाड्याच्या स्कीची एक गोष्ट पैशाहून महत्त्वाची आहे, ती इथं सांगायलाच हवी. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी कळ. पडल्यावर ती सुटली पाहिजे, नाहीतर लांब स्की पायाला पीळ देते आणि गुडघा जातो. ती किती जोरावर सुटावी, हे माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तो किती जोरात उतरतो, यावरून लावायचं असतं. हिचं वजन ४७ किलो. तिच्या आधी तीच स्की पंच्याहत्तर किलोच्या माणसाने वापरली असेल आणि दुकानदाराने आकडा बदलला नाही, तर ती पडेल तेव्हा बाइंडिंग सुटणार नाही. म्हणून स्वतःचे बूट घेऊन गेलं तरी दुकानात उभं राहून, आपलं खरं वजन सांगून, आपल्या डोळ्यांदेखत आकडा लावून घ्यायचा. वजन सांगायला लाजायचं नाही. बुटाचा तळ कोणत्या प्रकारचा आहे, हेही दाखवायचं. नेहमीच्या उताराच्या बुटांच्या तळावर आयएसओ ५३५५ असं कोरलेलं असतं, चालायला सोपे असणारे नवे तळ वेगळ्या मापाचे असतात आणि ते प्रत्येक बाइंडिंगमध्ये बसत नाहीत.

मग स्की न्यायची कधी? नीट आखणी केली, जाताना-येताना पाच किलो आधीच घेतले, तर ४,५०० रुपये. भाड्याचे ६०० रोज. साडेसात दिवसांत बरोबरी होते. चार दिवसांसाठी जाणाऱ्याने स्की घरीच ठेवावी, आठ-दहा दिवस राहणाऱ्याने खुशाल न्यावी. मात्र हिच्यासारखी दोन पीएनआरवर, काउंटरवरच्या भावाने नेली तर हे गणित वीस दिवसांनीही जमत नाही.

परदेशात शिकायला गेलेली आपली मुलंही हल्ली फोन करतात, म्हणून तिकडचं थोडक्यात. युरोपातल्या रायनएअर, ईझीजेटसारख्या स्वस्त कंपन्या किलोकिलोने न मोजता स्कीची जागाच वेगळी विकतात. प्रत्येक उड्डाणाला, प्रत्येक माणसामागे. रायनएअरमध्ये वीस किलोपर्यंत. तिथंही ऑनलाइन स्वस्त, विमानतळावर महाग, आणि जाण्याचे वेगळे, येण्याचे वेगळे. तिकीट वीस-तीस युरोचं दिसतं आणि स्कीचे पैसे त्याहून जास्त निघतात, तेव्हा पोरं दचकतात.

रेल्वे, आणि आपला नवा विमानतळ

वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “रेल्वेनं का नाही पाठवलं?” प्रश्न चुकीचा नव्हता. स्लीपर किंवा थर्ड एसीच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट. नियमात पेटीची लांबी १०० सेंटिमीटरपर्यंत आहे आणि थर्ड एसीला त्याहूनही कमी, म्हणजे कागदोपत्री स्की तिथंही मापाबाहेर. पण खालच्या बर्थखाली आडवी सरकवली तर कोणाच्या पायात येत नाही. पुण्याला जाताना हिने ती गाडीतूनच नेली होती आणि कोणी हटकलं नाही. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने नवी दिल्ली, तिथून कटरा, आणि जून २०२५ पासून कटरा–श्रीनगर वंदे भारत सुरू आहे. चिनाबवरच्या त्या ३५९ मीटर उंच पुलावरून. आता सोलापूरहून श्रीनगरपर्यंत सगळा रस्ता रुळावरून जाता येतो, हे मी दुकानात बसून दहा वर्षांपूर्वी कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. पण जायला तीन दिवस, यायला तीन. कंत्राटी शिक्षिकेला बारा दिवसांची रजा मिळते, त्यातले सहा गाडीत गेले तर बर्फाला सहाच उरतात. कॉलेजच्या मुलांना मात्र मी हाच रस्ता सांगतो.

दुसरा प्रश्न आता रोज येतो: “काका, आपलं विमानतळ झालंय की, इथूनच काढा.” होटगी रोडचा विमानतळ २९ सप्टेंबर २०२४ ला खुला झाला, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. मला त्याचा अभिमान आहे. विमानांच्या वाटेतली साखर कारखान्याची ती चिमणी पडली तेव्हापासून आम्ही सगळे वाट बघत होतो. पण स्कीच्या बॅगेसाठी मी तिथून तिकीट काढणार नाही. इथून मुंबई एका कंपनीचं, पुढे श्रीनगर दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे पुन्हा दोन पीएनआर, दोन काटे, दोन पावत्या. कमी आसनांच्या विमानात लांब सामानाची जागाही मोजकी असते. माणसाला खुशाल इथून उडू द्या. बॅग सोबत असेल तर रेल्वेने पुणे गाठायचं आणि तिथून एकाच पीएनआरवर पुढे.

त्या ५,६०० रुपयांचं सांगायचं राहिलं. ते मी तिच्याकडून परत घेतले नाहीत. ती दोनदा पाकीट घेऊन आली. दुसऱ्यांदा वडील सोबत होते. मी म्हटलं, दोन तिकिटं मी फाडली, गिऱ्हाइकाने नाही. वडील उभ्या उभ्या म्हणाले, “बरं भाऊ. मग पुढचं तिकीटबी तुमच्याकडूनच.”

२०२५ चा हंगाम तिला रजा न मिळाल्याने हुकला. आता येत्या फेब्रुवारीची तयारी चालू आहे आणि या वेळी सुरुवात बॅगेपासून झाली. अशोक चौकापलीकडे शाळांचे गणवेश शिवणारा एक कारागीर आहे, तिच्या वडिलांच्या ओळखीतला. त्याने दप्तराच्या जाड कापडाची, चाकं नसलेली, दोन ठिकाणी पट्टे असलेली लांब पिशवी शिवली. टोकांना, जिथे आपटतं तिथे, कापडाचे चार थर. फोम नाही. त्याच्याऐवजी स्कीला आपले सोलापुरी टेरी टॉवेल गुंडाळायचे. एक पुढच्या टोकाला, एक बाइंडिंगभोवती. टॉवेल तसेही न्यायचेच होते, त्यांचं वजन कपड्यांच्या बॅगेतून इकडे आलं.

गेल्या रविवारी पुन्हा त्याच काट्यावर गेलो. पिशवी ९०० ग्रॅम. स्की, पोल, हेल्मेट, दोन टॉवेल धरून ८ किलो १००. कपड्यांची बॅग तिने स्वतःच झाडून ६ किलो ९०० वर आणली. जाड जॅकेट अंगावर, बूट पाठपिशवीत. काट्यावर दोन्ही बॅगा एकदम ठेवल्या.

पंधरा किलो.

लांबीचा प्रश्न उरतोच. नव्या पिशवीची लांबी १६८, तीही मापाबाहेर. म्हणून तिकीट काढण्याआधी मी कंपनीला ईमेल करून लांबी, रुंदी, वजन कळवलं आणि लांब सामानाचे पैसे किती, हे लेखी मागवलं. उत्तर परवा आलं. त्याचा प्रिंट तिच्या तिकिटाला टाचून ठेवला आहे. पुणे–दिल्ली–श्रीनगर, जाणं-येणं, एकच पीएनआर.